कढईत कुणाचं तेल?

"पोरगी सोन्यासारखी हाय गं, पन तिचा वडा पिळला ना, तर दुसऱ्या दिवशीच्या भाजीची फोडणी निघंल."

हे माझ्याबद्दल. तुम्हाला सांगते, मी मोरीत तांब्या घासत होते आणि सासूबाई ओटीवर बसून शेलूच्या चिमाआत्यांशी फोनवर बोलत होत्या. आमच्या सासूबाईंचा असा समज आहे की फोन कानाला लावला की आवाज फक्त फोनमध्येच जातो. निम्म्या भिसेगावाने ऐकलं असेल. लग्नाला चार महिने झालेत माझ्या… आता यात रागवायचं तरी कसं, पहिलं अर्धं वाक्य सोन्याचं आहे. त्याचा आनंद मानायचा, की दुसऱ्या अर्ध्याचं वाईट वाटून घ्यायचं? मी तांब्या परत पहिल्यापासून घासला. बोलले काही नाही. नवीन आहे ना.

पण पुढचं ऐका. फोनमधून आत्यांचा आवाजही बाहेर येत होता, नणंद-भावजयीचे गळे सारखेच. "मंग मी रईवारी येतेच. आखाड संपायच्या आत वडं-कोंबडी खाऊन बगते तिच्या हातची." झालं. चिमाआत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण, आणि भावकीत ती जे नाव ठेवते ते चिकटतं. एका पुतणसुनेचा भात एकदा, एकदाच, खाली लागला होता, त्याला बावीस वर्षं झाली, ती बाई आता स्वतः सासू झाली, तरी तिला अजून "करपी" म्हणतात. मग मी रविवारपासून जन्मभर काय होणार, "तेलपिती"? आणि हातात दिवस किती, तर चार.

बरं, गंमत बघा, माहेरी साजगावला मी तळलेल्या पुऱ्या वर्तमानपत्रावर काढायचे आणि नंतर तेच वर्तमानपत्र बाबा वाचायचे. इतक्या कोरड्या. तेच माझे हात, तीच दहा बोटं, आणि इकडे कर्जतजवळ भिसेगावला आल्यावर वडा असा की ताटातून उचलला तर ताट चमकतं. हे कसं काय? मला तोंडावर मात्र कुणी काही म्हणालं नाही, हे कबूल करायला हवं. घरातल्या तिघांनी मिळून सगळा दोष तेलावर घातला. आणि तेवढ्यात सासऱ्यांचा रिपोर्ट आला, कोलेस्टेरॉल वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, तेल बदला आणि तळलेलं कमी खा. दवाखान्यातून घर पंधरा मिनिटांवर आहे, तेवढ्यात दुसरं वाक्य कुठेतरी गळून पडलं. घरी पोहोचलं ते एवढंच, की तेल बदला.

मग सुरू झालं. सासूबाई, नंदा त्यांचं नाव, त्या पामतेलाच्या पिशवीवर ठाम. "चाळीस वर्सं हेच खातोय. स्वस्त पडतंय, वास नाय, काय नाय. कोन मेला त्यानं?"

सासरे म्हणाले, "माजा बाप."

"तो ब्यान्नवाव्या वर्सी आंब्यावरनं पडला, वो."

"हातात ताकद आसती तर पडला आसता का?"

 सासरे, म्हणजे दशरथराव, त्यांचं म्हणणं, तेल खावं तर लाकडी घाण्यावरचं शेंगदाण्याचं. गेले, आणि कुठून तरी किटली भरून घेऊन आले. भाव विचारल्यावर सासूबाई खाली बसल्या. "एवड्यात तर शेंगदानं पेरून, काडून, वर गडी ठेवला आसता मी."

तिसरा आमचा निलेश, माझा नवरा. तो खोपोलीला कारखान्यात आहे, आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर तेलाचे व्हिडिओ बघतो. संध्याकाळी आला तो मास्तर होऊन. "घाणीचं तेल लवकर धुरकटतं, बाबा. ते फोडणीला ठीक. तळणीला रिफाइंड पाहिजे. प्रत्येक तेलाचा धूर निघायचा एक आकडा असतो. आणि हृदयाला चांगलं कुठलं माहितीय? राइस ब्रान." आणि पिशवीतून काढलंच त्याने.

सासऱ्यांनी ती पिशवी लांब धरून वाचली. "म्हंजी कोंड्याचं तेल?"

"हो."

"भात आमी पिकवतो. कोंडा मी म्हशीला घालतो. आन् त्याचं तेल तू पैशे देऊन मला घालतोस?"

"बाबा, शास्त्र आहे."

"मंग म्हशीला कोलेस्टेराल नाय, ते ह्याच्यामुळंच आसंल."

तिघं माझ्याकडे बघतात. मी कुणाची? नवऱ्याची म्हणावी तर सासूबाई, सासूबाईंची म्हणावी तर किटली… मी कणीक मळत राहिले.  नवीन आहे ना.

शेवटी ठरलं की रोज एक तेल, रोज थोड्या पुऱ्या, आणि रविवारपर्यंत निकाल. म्हणजे ज्या माणसाला तळलेलं कमी खायला सांगितलं होतं तो चार दिवसांत तीनदा पुऱ्या खाणार होता, पण तब्येतीसाठी. गुरुवारी पामतेल. पुऱ्या गळक्या. निलेश म्हणाला, बघ, म्हटलं नव्हतं? शुक्रवारी शेंगदाणा. वास असा की शेजारच्या संजनाताई वाटी घेऊन आल्या, पण पुऱ्या गळक्याच. सासूबाईंना झालेला आनंद त्यांना पदरात लपवता आला नाही. शनिवारी कोंडा. त्याही गळक्या. "म्हस बरी," सासरे म्हणाले, आणि चौथी घेतली.

तीन तेलं, तीन दिवस, पुऱ्या सारख्याच. मग तेलाचा दोष कसा? आणि तेलाचा नाही तर राहिलं कोण… मीच की. शनिवारी दुपारी मला खरंच रडू आलं, लपवत नाही. उद्या आत्या येणार आणि मी तेलपिती होणार, माझ्या मुलांची लग्नं होईपर्यंत.

पण गप्प बसणाऱ्या माणसाचं एक असतं, त्याला बघायला वेळ मिळतो. मी शेवटच्या चार पुऱ्या परत तळायला घेतल्या, नुसतं बघायचं म्हणून. गॅस मोठा केला. तेल छान तापलं. सासूबाई आल्या, मिठाची बरणी घेतली, आणि जाता जाता हात शेगडीकडे गेला. बटण फिरलं. गॅस बारीक. त्यांचं लक्षसुद्धा नव्हतं हो, देवळावरून जाताना हात आपोआप कपाळाला जातो ना, तसा हात गेला. मी परत मोठा केला. सासरे पाणी प्यायला आले. "तेल जाळू नको गं, लई म्हाग हाय." बारीक. त्या वेळी कढईत कोंड्याचं होतं, पण त्यांच्या मनात किटली. मी परत मोठा केला. निलेश आला, कढईत वाकून बघितलं, "धूर निघायच्या आत थांबवायचं असतं," आणि… बारीक.

कळलं? एक गॅस वाचवतेय, एक तेल वाचवतोय, एक हृदय वाचवतोय, आणि माझी पुरी बिचारी कोमट तेलात आंघोळीला बसल्यासारखी बसलीय. पिणारच ना ती! दुसरं करणार काय?

आता हे सांगायचं कुणाला? सासूबाईंनी एका सिलिंडरवर दोन दोन सण काढलेत, त्या हाताला मी काय सांगू की फिरू नकोस? चार महिन्यांच्या सुनेने? 

रविवारी सकाळी आत्या आल्या. आल्या आल्या, "कोंबडी राहू दे गं, वडा दाव आदी." मी स्वयंपाकघरात गेले. चाळीस वडे तळायचे आणि तिन्ही तेलं चाखूनमाखून उरलेली, एकटं कुठलंच पुरेना. ओतली तिन्ही कढईत. हे तुम्ही करू नका… म्हणजे केलंत तर सांगू नका. गॅस मोठा केला, पिठाचा एवढासा गोळा सोडला, तो टुण्णकन वर आला, आणि मग मी शेगडीचं बटण धरलं, सरळ ओढलं आणि काढून ओढणीच्या टोकाला बांधलं. निघतं ते, तुम्हाला माहीत आहे का? धुवायला काढतो आपण. गरज पडली तर लावायला हाताशी होतंच.

पहिले वडे फुगले. आणि सासूबाई आल्या. ताट घेतलं, वळल्या, हात गेला. बटण नाही. हात तिथेच चाचपडतोय, इकडे, तिकडे. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वड्याकडे बघितलं. विचारणार कशा? विचारायचं तर आपला हात तिथे काय करत होता ते सांगावं लागतं. त्या ताट घेऊन बाहेर गेल्या. मग सासरे आले, मग निलेश. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात तीन माणसं रिकाम्या दांडीला हात लावून परत गेली, आणि एकानेही दुसऱ्याला सांगितलं नाही.

बाहेर आत्यांनी वडा उचलला. तळहातावर ठेवला. दुसरा तळहात वर ठेवून दाबला, चांगला जोर लावून. मी दारात, हातात झारा तसाच. आत्यांनी हात उघडला, बोटं एकमेकांवर घासली आणि म्हणाल्या, "नंदे, तू फोनवर खोटं बोललीस."

सासूबाई लालेलाल. आत्यांनी सहा वडे खाल्ले, मग विचारलं, "तेल कंचं गं?"

"पाम," सासूबाई. "घाण्याचं," सासरे. "राइस ब्रान," निलेश. एकाच वेळी. आणि खरं सांगते, पहिल्यांदाच या घरात तिघंही बरोबर होते.

"ते मी नाय जानत," आत्या म्हणाल्या. "गनपतीला शेलूला माज्याकडं हीच तळनार. दीडशे वडं."

"येईल की," सासूबाई म्हणाल्या, "पन तेल इथनं देईन मी." सासरे म्हणाले, "पिशवीचं न्यायचं नाय, किटली देतो." निलेश मोबाईल काढून आकडा शोधायला लागला. परत तेच, परत पहिल्यापासून, आणि बोलून बोलून दमल्यावर चौघांनी माझ्याकडे बघितलं, की तूच सांग.

चार महिन्यांत पहिल्यांदा मला कुणी काही विचारलं होतं. मग म्हटलं, आता दीडशे तर दीडशे.

"आत्या, तेल तुमच्या घरात असेल ते चालेल. तुमच्या शेगडीचं बटण निघतं का, तेवढं बघून ठेवा."