उताराकडचा गोल

...आणि वर तोंड करून विचारतात, भूगोल शिकून होतं काय? अहो, काय होत नाही ते विचारा! पण नाही. तुम्हाला सांगतो, आमच्या शाळेत गणिताला मान, विज्ञानाला प्रयोगशाळा, आणि भूगोलाचा तास कधी, तर जेवणानंतर, अर्धा वर्ग डुलक्या घेत असतो आणि उरलेला अर्धा त्याला ढोसत असतो तेव्हा. भूगोलाला विचारतं कोण?

तर हे आमचे भूगोलाचे सर. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली, गुडघे कुरकुरणारे, आयुष्यात चेंडूला पाय लागला असेल तर तो चुकून. आणि खेळाचे सर नेमके हंगामाच्या तोंडावर दुसऱ्या शाळेत निघून गेले. मुख्याध्यापिकाबाई शिक्षकखोलीत आल्या, आम्ही सगळ्यांनी वह्यांत माना खुपसल्या, मी तर तपासलेला पेपर पुन्हा तपासायला घेतला, आणि सर बिचारे खिडकीतून ढग बघत बसलेले... झालं.

"सर, तुम्ही मोकळेच दिसताय. मुलींचा फुटबॉल तुमच्याकडे."

"बाई, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"संघालाही कळत नाही. जमेल तुमचं."

खोटं नव्हतं हो ते. एकतीस वर्षांत आमच्या हायस्कूलचा संघ पहिल्या फेरीच्या पलीकडे गेला नव्हता. यंदाही हरलो तर संघ बंद आणि मैदानावर गाड्या लावायच्या, असं संस्थेने ठरवूनच टाकलेलं. मुली मोजून बारा. पुढे पळायची ती टाचणी, कारण अंगाने तशीच आणि टोचायचीही तशीच. गोलात उभी राहायची ती कपाट. हे नाव तिचं तिनेच ठेवलेलं, दुसऱ्या कुणी ठेवायच्या आत. शाळेची जर्सी तिच्या अंगात जाईना, तेव्हा तिच्या आईने, शिवणकाम करते ती, दोन जर्सी उसवून एक केली, आणि पाठीवर एकच्या जागी अकरा झाले.

सरावाच्या पहिल्या सामन्यात सरांनी कप्तान मुलीला हळूच विचारलं, "आत्ता टाळ्या पडल्या, तो गोल आपला की त्यांचा?"

"त्यांचा, सर. चौथा."

"बरं. पण चेंडू दर वेळी त्या कुंपणाकडेच का गं घरंगळतो?"

ती म्हणाली, "मैदान तसंच आहे, सर." आणि सर उठून उभे राहिले. तुम्हाला सांगतो, तिथून हंगाम पालटला. कुठलंही मैदान असो, सर तासभर आधी हजर. चेंडू ठेवायचे, कुठे घरंगळतो ते बघायचे, हातरुमाल धरून वारा बघायचे, ऊन कुठून येतंय ते वहीत टिपायचे. समोरचे प्रशिक्षक खो खो हसायचे, "काय सर, प्लॉट घेताय की काय?" हसा लेको! सर मुलींना एवढंच सांगायचे, चढावर दम राखा, उतारावर धावा, वारा पाठीशी असला की लांबून मारा. पहिली फेरी जिंकली, दुसरी जिंकली, उपांत्य सामन्यात तर समोरचे एवढे दमले की त्यांची कप्तान आमच्याच मुलीकडे पाणी मागायला आली. आणि तरी लोक म्हणाले, नशीब. भूगोलाला विचारतं कोण?

मग अंतिम सामना. दुपारी चारला. समोर पाच वर्षांचे विजेते. नाणेफेक आम्ही जिंकलो, आणि सरांनी काय मागितलं असेल? चढ! समोरून वारा, गोलात उभ्या कपाटाच्या डोळ्यांत ऊन. मी डोक्याला हात लावला. पहिल्या अर्ध्यात दोन गोल बसले, दोन्ही तिच्या हाताखालून.

मध्यंतरात ती हातमोजे काढून बसली. आई कुंपण ओलांडून आली. "सर, काढा तिला बाहेर. लोक हसतायत, मला बघवत नाही."

बाकावरची बारावी मुलगी बुटाची नाडी बांधून तयार. सरांनी आभाळाकडे बघितलं, मग पोरीसमोर उकिडवे बसले. गुडघ्यांचा आवाज मला इकडे आला.

"दिसत होतं का तुला?"

"नाही, सर. नुसता उजेड."

"मग चूक तुझी नाही, माझी. तुला उन्हात मी उभं केलं. आता तेच ऊन, अजून खाली उतरलेलं, त्यांच्या डोळ्यांत जाणार. घाल मोजे." आणि आईला म्हणाले, "ताई, अर्धा तास द्या मला."

दुसऱ्या अर्ध्यात वारा पाठीशी, उतार पायाखाली. कप्तानने लांबून एक मारला, टाचणीने दोन टोचले. तीन-दोन. आणि शेवटच्या मिनिटाला आमच्याच गोलासमोर आमची एक पोर आडवी गेली, समोरच्यांना पेनल्टी! त्यांची मुलगी चेंडू ठेवते, मान वर करते, डोळे बारीक करते. ऊन थेट तोंडावर. कपाटाने उडी मारली नाही, डावीकडे नाही, उजवीकडे नाही, ती उभी राहिली. चेंडू आला तो सरळ पोटावर, आणि तिने तो असा कवटाळला, की पंचांनी शिट्टी वाजवली, पोरींनी उचलून घेतलं, तरी सोडेना. आई तिथेच गवतावर बसली आणि पदर तोंडाला लावून मनसोक्त रडली.

एकतीस वर्षांतला पहिला चषक. मैदान वाचलं. सर? ते घरी जाऊन दोन दिवस गुडघे शेकत पडले, आणि तिसऱ्या दिवशी अर्ज घेऊन बाईंकडे गेले: वय झालं, आता या जबाबदारीतून मुक्त करावं. मी दारातच होतो. बाईंनी अर्ज वाचला, व्यवस्थित घडी घातली, खणात ठेवला आणि खण बंद केला.

"सर, पुढच्या महिन्यात मुलांच्या संघाचे सामने आहेत."

सरांनी बंद खणाकडे एकदा बघितलं. मग एक लांब सुस्कारा सोडून म्हणाले, "बरं... उतार कुठल्या बाजूला आहे?"