सीमेवरचं सोनं

सीमा ओलांडली आणि कळलंच नाही, तर त्याला सीमोल्लंघन म्हणायचं का हो?

दसऱ्याला सासूबाई आमच्याकडे हॅम्बर्गला होत्या. खऱ्या सीमेवर सीमोल्लंघन करायचं, असा त्यांचा हट्ट. म्हणून ह्यांनी गाडी काढली आणि एका लहानशा रस्त्याने आम्ही डेन्मार्कमध्ये शिरलो.

"फाटक कुठंय रे?"

"आई, ते कधीच काढलं. पूर्वी इथे चोरून लोणी आणणाऱ्यांना पकडायचे. आता त्या चौकीत सॉसेज विकतात."

"सॉसेजचं दुकान ओलांडायला आले का मी?" त्यांचं तोंड एवढंसं झालं.

परतताना मात्र जर्मन पोलिसाने अडवलं. हल्ली तपासणी पुन्हा सुरू झालीय ना! सासूबाई एकदम खुलल्या.

"काही मौल्यवान सामान?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"येस! गोल्ड!" सासूबाईंनी पर्स थोपटली.

"किती?"

मी सासूबाईंना मराठीत विचारलं. त्या म्हणाल्या, "सांग त्याला, सगळ्यांना पुरेल एवढं!"

आल्झो, म्हणजे थोडक्यात, आम्ही सगळे गाडीबाहेर. पर्समधून निघाली आपट्याची वाळकी पानं. पोलिसाने ती हुंगून पाहिली.

"अहो, वास काय घेताय? खिशात ठेवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पुण्याला फोन करून सांगितलं, "यंदा सीमोल्लंघन अगदी शास्त्रोक्त झालं. पोलिसांनी अडवलं होतं."