पोलंडची अट

— नाही हो, पाण्याचं विचारूच नका, बोअर आहे, वर टाकी आहे, मळमड्डीत पाण्यावाचून कुणाचं अडलेलं नाही — जिना तेवढा जपून चढा, शेवटची पायरी जरा उंच आहे — हां. बर्री, बर्री, आत या. ह्या दोन खोल्या, ते स्वयंपाकघर, आणि हा सज्जा. इथनं वाकलं की शेजारचं आवार दिसतं, शेषगिरीचं. तिकडं बघायचं नाही. बघितलं तरी हसायचं नाही. राघवेंद्र म्हणालात ना नाव? कलघटगीहून रोज येऊन-जाऊन कॉलेजात शिकवायचं म्हणजे हाल आहेत, कबूल. आईपण राहणार तुमच्याबरोबर, आणि त्यांचे गुडघे दुखतात — मग जिना कसा जमणार? दिवसातनं एकदाच उतरतील? बरं. म्हणजे उत्तरं तयार करूनच आलाय तुम्ही. भाड्याचं माझी बायको बोलेल, अनसूया, खाली चहा टाकलाय तिनं. गेटावरची पाटीपण तिचीच. मी फक्त अटी सांगतो. हुबळीला लॅमिंग्टन रोडवर शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय, नदी, डोंगर, सरहद्दी, अटी, हे सगळं माझ्याकडं असतं.

तर मोठी अट एकच आहे, बाकीच्या किरकोळ. करारात एक कलम घालायचं — युद्ध पोलंडात शिरलं तर चार दिवसांच्या आत खोल्या रिकाम्या करून द्यायच्या. — हसा, हसा, सगळे इथंच हसतात. हो, तेच पोलंड, युरोपातलं. वकिलाकडंसुद्धा जाऊन आलो, तो म्हणाला, बाळाचार्य सर, स्टॅम्प पेपरवर हे लिहिलं तर कचेरीत मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी म्हटलं, का बाबा? तिकडच्या बत्तीस देशांनी, पोलंडपण त्यात आलं, मिळून सह्या केल्यात की असल्या कलमावर. पाचवं कलम, एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. त्यांना कुणी हसलं? तो म्हणाला, त्यांच्याकडं अणुबाँब आहेत, तुमच्याकडं दोन खोल्या आहेत. तेव्हापासनं त्या वकिलाकडं जाणं सोडलं मी.

का म्हणजे? माझी मुलगी आहे तिथं, हेमावती. क्राकोव नावाचं गाव आहे मोठं. जावई प्रभंजन कंपनीत, तीपण कंपनीत. कसली कंपनी ते विचारू नका, त्यांना सांगता येत नाही आणि मला कळत नाही. तिच्या घरापासनं युक्रेनची हद्द म्हणजे आपल्या धारवाडपासनं कऱ्हाड. बस्स, एवढंच. बावीस सालच्या फेब्रुवारीत रशियानं तोफा डागल्या, त्या दिवशी मी फोन केला, म्हटलं, ऊठ आणि ये. नोकरी-बिकरी राहू दे, दोन बॅगा भर आणि ये, वरच्या खोल्या तुझ्याच आहेत. आणि चार दिवसांत या खोल्या उभ्या केल्या बघा मी — रंग, पलंग, ते कपाट, खिडकीला जाळ्या, पोलंडात डास नसतात आणि मुलगी इथल्या डासांचं विसरली असेल म्हणून. कलमातले चार दिवस ते तेच. आणि ती काय म्हणाली? म्हणाली, बाबा, खोली तयार ठेवायचं तुमचं डोकं चांगलं चाललं — आणि स्वतःच्या घरातली मोकळी खोली एका युक्रेनच्या बाईला देऊन मोकळी झाली. ओक्साना तिचं नाव. बरोबर सासू, गालिनाबाई, आणि एक मांजर. पंधरा दिवसांसाठी म्हणून आली ती माणसं. त्यानंतर मांजराला दोनदा पिल्लं झाली. मी हिला माघारी बोलवायला गेलो आणि हिनं तिथं ठाणंच मांडलं.

आणि बाकीचे देश? मी सगळं बघतो, टीव्ही असतोच चालू. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत, म्हणतात. पाठीशीच असतात, पुढं कुणी होत नाही. एकानं आधी काय दिलं ठाऊक आहे? हेल्मेटं. पाच हजार हेल्मेटं. रणगाडे द्यायचे की नको यात वर्ष गेलं, मग विमानांचं आणि वर्ष. आपल्याकडं लग्नघरात कसं, कंबर कसलेले पंचवीस जण मांडवात उभे असतात आणि पाट मांडायची वेळ आली की एक सापडत नाही, तशातली गत. — नाही, काही दिलंच नाही असं मी म्हणत नाही, दिलं, पुष्कळ दिलं, खोटं कशाला बोला. पण त्या सगळ्यांच्या आधी मदत कुणाची पोचली? आपल्या धारवाडची. तानूबाई म्हणून आहे, अळणावरकडची, कडक भाकऱ्या आणून देते आम्हाला. तिच्याकडनं शंभर भाकऱ्या घेतल्या, दोन किलो शेंगाचटणी, सगळं स्टीलच्या मोठ्या डब्यात बांधलं. लढाईच्या मुलखात जायच्यात म्हटल्यावर तानूबाईनं आपल्याकडच्या पाच वर घातल्या. तिथल्या कस्टमवाल्यांनी डबा अडवला — कारण भाकरी थाळीएवढी, वाळलेली, वाजवली की खण्ण वाजते, हे माणसानं खायचं आहे हे त्यांना पटेना. शेवटी हेमावतीनं तिथं जाऊन, त्यांच्या समोर, एक मोडून चटणीबरोबर खाऊन दाखवली. चटणी तिखट होती. तिच्या डोळ्यांतनं पाणी आलं, त्या लोकांना वाटलं बाई माहेरच्या आठवणीनं रडतेय, त्यांनी डबा सोडला.

पोचेपर्यंत निम्म्याचा चुरा झालेला. तो चुरा गालिनाबाईंनी त्यांच्या बिटाच्या लाल सारात कालवला, खाल्ला, आणि परत मागितला. आणि ऐका, डबा परत पाठवायची वेळ आली, इकडं येणारं कुणीतरी होतं, तर त्या बाईंनी हेमावतीच्या हातातनं काढून घेतला. रिकामा डबा परत करायचा नसतो म्हणाल्या. आपल्याकडं काय म्हणतो आपण? तेच की. आता घरदार सोडून आलेली बाई, तिच्याजवळ डब्यात घालायला होतं काय? तर विणलं तिनं. मला लोकरीची टोपी, अनसूयाला मोजे. एप्रिलात आलं ते इथं, धारवाड अडतीस अंशावर. मी टोपी घालून बसलो आणि फोटो काढून पाठवला. घाम डोळ्यांत उतरत होता, पण फोटो नीट येईपर्यंत काढली नाही. त्या बाईनं तिकडं तो फोटो फ्रिजवर लावलाय.

— काय? शेषगिरीचं काय झालं? सांगतो की. शेषगिरी रेल्वेतनं रिटायर झालेला, पूर्वी सहा महिने मॉस्कोला ट्रेनिंगला जाऊन आला होता. तेवढ्यावर तो रशियाचा जावई. हा नकाशा बघा, शाळेनं टाकून दिलेला, सोव्हिएत देश अजून एकसंध आहे यात, म्हणून मी लाल पेन्सिलीनं युक्रेनची हद्द काढली. शेषगिरी इथं उभा राहून म्हणाला, तुझी रेघ चुकली. मी म्हटलं, कुठं? तर तो म्हणाला, मुळात ओढलीस तीच चूक. झालं. तीस वर्षं आम्ही सकाळी पेपर बदलत होतो कंपाउंडवरनं, त्याचा कन्नड, माझा मराठी — ते बंद. मी निर्बंध लावले. चहा नाही, पेपर नाही, संक्रांतीचा तिळगूळ नाही. — आता तुम्हाला म्हणून सांगतो, कढीपत्ता त्याच्याच झाडाचा येतो. विरजणपण. ते मागच्या दारानं अनसूया करते, मी बघत नाही. युरोप रशियाचा गॅस घेत होता की नव्हता? तसंच ते. आणि ही अनसूया म्हणजे दोन्हीकडं सांगत फिरते, बसून बोला, बोलून मिटवा, आणि दोन्हीकडचं घेऊन येते. आपल्या दिल्लीचंच धोरण घरात चाललंय.

पाटीसुद्धा तिनंच लावली. मी काढली, तिनं परत लावली. म्हणाली, पोरगी येत नाही, खोल्यांना वास यायला लागलाय. मी म्हटलं, लाव, पण अटी माझ्या. चौदा जण येऊन गेले तुमच्या आधी. एकाला पोलंड ऐकूनच चक्कर आली, एक बँकेतला म्हणाला, सर, तुम्ही औषध वेळेवर घेता ना? — तसं नाही हो. मला कळतंय मी काय करतोय. बावीसच्या नोव्हेंबरात पोलंडच्या एका खेड्यात खरंच क्षेपणास्त्र पडलं, दोन माणसं गेली बिचारी. मी इथं गाद्या उन्हात टाकल्या. धुवून ठेवलेल्या चादरी काढल्या. मग त्या मोठ्या मोठ्या लोकांनी चौकशी केली आणि म्हणाले, ते चुकून पडलं, युद्धात धरायचं नाही. मी गाद्या गुंडाळून परत आत आणल्या. एखाद्या गावात दोन माणसं मेल्यावर बापाच्या मनात चांगलं-वाईट काय येऊन गेलं ते सांगू नये कुणाला. मी तुम्हाला कशाला सांगतोय, काय की.

तर असं आहे ते कलम. तुम्हाला जमणार नाही, मला ठाऊक आहे, आई म्हाताऱ्या, चार दिवसांत कुठं हलवणार — काय? चालेल? चालेल म्हणजे काय, सही करता? — थांबा, थांबा. लसूण खाता? नाही. पेटी, तबला? नाही. नकाशा काढायचा नाही भिंतीवरचा. नाही काढणार. कपाट एक बंदच राहील, त्यात हेमावतीचं — तेही चालेल. पाहुणे आले तर तीन दिवसांच्या वर राहायचं नाही. पाहुणेच येत नाहीत? कमाल आहे तुमची. असा भाडेकरू आधी येऊन गेला असता तर मी काय केलं असतं.

इथं बसा जरा. पलंगावरच बसा, काही होत नाही. मी मुंबई राज्यात जन्मलो, बरं का. आठ वर्षांचा होतो, छप्पन्न साली, वर्गात मास्तर म्हणाले, मुलांनो, आजपासनं आपण म्हैसूर राज्यात. मी धावत घरी आलो आणि दप्तरातली पुस्तकं काढून कपडे भरले. आईला विचारलं, निघायचं कधी? ती भाजी चिरत होती. म्हणाली, आपण कुठं जात नाही रे, नकाशा जातोय. पोटभर हसली. मी दोन दिवस ते दप्तर उशाला घेऊन झोपलो. हद्द म्हटलं की मला तेव्हापासनं आधी बॅगच आठवते, भूगोल शिकवला म्हणून काय झालं.

परवा रविवारी सकाळी हेमावतीचा फोन आला. गालिनाबाई परत निघाल्यात म्हणाली. कुठं? त्यांच्या गावाला. लढाई चालूच आहे, रोज भोंगे वाजतात, अर्धं घर पडलंय, पण एक खोली शाबूत आहे म्हणून शेजाऱ्यानं फोटो पाठवला. ती खोली झाडून-पुसून ठेवते, म्हणतात गालिनाबाई. ओक्साना उद्या परत आली तर तिला खोली तयार नको? आणि ओक्सानाला तिथं पोलंडात नोकरी लागलीय, ती रडतेय, ती काही परत जाणार नाही. हेमावती म्हणाली, बाबा, तुमच्या वयाच्या आहेत, तुम्ही सांगा, टोपीवाल्याचं ऐकतील. आता मी मास्तर, प्रश्न विचारला की उत्तर तोंडातनं निघतंच. म्हटलं, बाई, खोली झाडून ठेवली म्हणून कुणी परत येत नसतं. सून जिथं रुजली तिथं तुम्ही राहा. भिंतींची राखण कशाला करता? हेमावती एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगत होती. सांगता सांगता थांबली. मला वाटलं लाइन गेली. मग हळू म्हणाली, बाबा, हे तुम्ही त्यांनाच सांगताय ना?

मी फोन अनसूयाकडं दिला. म्हटलं, आवाज नीट येईना झालाय.

— त्या? राहिल्या. अजून तरी राहिल्यात. माझं ऐकलं म्हणे.

इरली बिडरी. असू दे. तुम्ही असं करा, खाली जा आणि अनसूयाला तुम्हीच सांगा, ठरलं म्हणून. मला सांगायला जमायचं नाही, ती माझ्या तोंडाकडं बघत राहील. पहिल्या तारखेला आईंना घेऊन या, एवढ्या पायऱ्या आहेत, मी हात देईन त्यांना. आणि करार साधाच करा, अकरा महिन्यांचा, सगळे करतात तसा. — कलम? कलम नको. खोडून टाका. अजून लिहिलेलंच नाही? मग नुसतं राहू द्या. नाही, कपाट मी रिकामं करतो, तुम्ही हात लावू नका. मदत नको म्हटलं ना. चहा निवतोय तुमचा. मी येतो मागनं, जरा वेळ लागेल. जा तुम्ही, आणि दार ओढून घ्या.