जुलैतलं ताजं पापलेट

आमच्या न्हावा शेव्याच्या कंटेनर ऑफिसात खोटे ईमेल ओळखायचं ट्रेनिंग झालं, तेव्हा अर्धे लोक चक्क झोपले होते. मीपण. आयटीवाल्या कुणालला ते भलतंच झोंबलं. पुढच्या आठवड्यात, ऐन जुलैत, त्याने आमची परीक्षा घ्यायला स्वतःच एक खोटा मेल सोडला: 'धक्क्यावरची आजची ताजी पापलेटं, निम्म्या भावात. नाव नोंदवायला इथे दाबा.'

अख्ख्या ऑफिसने दाबलं. मॅनेजरने तर दोनदा.

दाबलं नाही ते एकट्या रंजनाताईने. ती करंजा गावची कोळीण. कुणालने तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

"ताई, सांगा या लोकांना, कसं ओळखलंत?"

"त्यात काय ओळखायचंय? पावसाळ्यात मासेमारीला बंदी हाय. आमच्या बोटी किनाऱ्याला बांधलेल्या, आणि हा कोण टिकोजी ताजं पापलेट विकतोय?"

"शाब्बास! पण मग मला का नाही कळवलंत?"

"तुला कशाला? ज्यांचं काम त्यांना कळवलं. मासेमारी खात्याला. ते बघ, आलेच साहेब."

खरंच दारात साहेब! कुणालची बोबडी वळली. "साहेब, मासे नाहीतच हो. नुसता मेल आहे!"

"बंदीत मासळी विकणारे सगळे हेच म्हणतात. दाखवा मेल."

कुणालने स्क्रीन फिरवली. साहेबांनी चष्मा चढवला, मेल नीट वाचला, आणि "निम्म्या भावात?" असं पुटपुटत दाबलं.