ग्रहांच्या फलकावरची एक जागा

आजच्या समारंभाचे आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष, सन्माननीय लालासाहेब, प्राचार्य हंबीरराव, ज्यांच्या निमित्तानं आपण सगळे या उकाड्यात एकत्र बसलो आहोत त्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापिका अनसूयाबाई खांबेटे, त्यांचे यजमान हरीभाऊ, जतच्याही पुढून, दोन एसट्या बदलून आलेले आप्पासो आणि बनाबाई गडदे, प्राध्यापक बंधुभगिनी, कार्यालयातले माझे सहकारी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही दारातच उभे राहिलेले विद्यार्थी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी नाथाजी, या महाविद्यालयाचा कार्यालय अधीक्षक. भाषण हे माझं काम नव्हे. आजचे मूळ वक्ते मराठी विभागातले होते आणि त्यांनी 'गुरूचा त्याग' या विषयावर फार सुंदर भाषण तयार केलं होतं. ते गेल्या आठवड्यात निकामी झालं. नवं करायला त्यांना वेळ मिळाला नाही, म्हणून मला उभं केलं आहे. भाषण का निकामी झालं, ते ओघात येईलच.

आपल्या हातातल्या निमंत्रणपत्रिकेवर मधल्या ओळीत पांढऱ्या कागदाची एक कोरी पट्टी चिकटवलेली आहे. ती कार्यालयानं चिकटवली आहे, छापखान्याचा त्यात काही दोष नाही. विनंती एवढीच की ती नखानं काढू नये. मागच्या रांगेत कामाला सुरुवात झालेली मला इथून दिसते आहे.

बाईंना या गावात दोन कारणांनी ओळखतात. एक म्हणजे हातोडी घेऊन डोंगर हिंडणाऱ्या बाई. दुसरं म्हणजे कार्यालय आणि पाण्याच्या टाकीच्या मधल्या भिंतीवरचा तो फलक. 'ग्रहविज्ञान : बातम्या आणि नोकरीच्या संधी.' डाव्या हाताला बातम्या, उजव्या हाताला नोकऱ्या. दर सोमवारी बाई नवे कागद आणायच्या आणि नियमाप्रमाणे मी त्यावर शिक्का मारायचो. वीस वर्षं मारला. शिक्का मारायला वाचावं लागत नाही, त्यामुळे आकाशात काय चाललं आहे याची मला फारशी कल्पना नव्हती. प्राध्यापक कक्षात थट्टा चालायची, बाई, शनीवर शिपायाची जागा निघाली तर आमच्या मेव्हण्यासाठी कळवा. बाई म्हणायच्या, "नक्की. शिक्षण किती झालंय मेव्हण्याचं?"

चौऱ्याण्णव सालच्या जुलैत डावीकडे बातमी लागली की धूमकेतूचे तुकडे होऊन ते गुरू ग्रहावर आदळणार आहेत. शिपायानं मला येऊन विचारलं, "सायेब, मग सुट्टी हाय का?" मी ते तेव्हाच्या प्राचार्यांना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला, हे मी मुद्दाम नोंदवतो. सुट्टी मिळाली नाही. बाईंनी गच्चीवर दुर्बीण लावली, आणि आपण सगळ्यांनी मिळून आठवडाभर ढग पाहिले.

गेल्या वर्षी मंगळावर यान उतरलं. तिथल्या जमिनीचं छायाचित्र बाईंनी वर्तमानपत्रातून कापून लावलं. आप्पासो त्या दिवशी इथं शिकवणाऱ्या लेकीला भेटायला आले होते. फलकासमोर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "ह्यो तर आमच्या वाडीमागचा माळ हाय. पर मेंढरं कुठं गेली?" तो मंगळ आहे असं मी सांगितल्यावर त्यांनी पुन्हा एकदा नीट पाहिलं. "आसंल. पाणी तितं बी न्हाई म्हना की."

तर बातम्यांचं असं. नोकऱ्यांचं काय? उजव्या बाजूला अहमदाबाद, हैदराबाद, बंगळूर, एखाद्या वेळी परदेश. मुलं वाचायची, वहीत उतरवून घ्यायची, आणि बी.एड.ला जायची. मी मुलांना बोल लावत नाही. कोणाचं घर पाठीशी नव्हतं, कोणाचं वाटेत आडवं होतं. मी स्वतः सांगली जिल्ह्यातल्याच कुंडलचा. सांगलीला नोकरी लागली तेव्हा माझ्या आईनं लेक परमुलखात चालल्यासारखा गळा काढला होता, तर अहमदाबादचं काय बोलावं? वीस वर्षांत या फलकावर वाचून प्रत्यक्ष अर्ज केलेले विद्यार्थी बाईंना नावानिशी पाठ आहेत, यावरून संख्येचा अंदाज यावा.

गेल्या नोव्हेंबरात बाई एक जाहिरात घेऊन आल्या. गुजरातेतल्या एका संशोधन संस्थेत एक जागा. चंद्रावरून आणलेले खडक आणि मंगळावरून आलेल्या मानल्या जाणाऱ्या उल्का आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाशी ताडून पाहायच्या. काळा कातळ पायाखालून ओळखणारं माणूस हवं. बाईंच्या बरोबर माया होती. ही आप्पासो आणि बनाबाईंची लेक, आपलीच विद्यार्थिनी. पुण्याहून एम.एस्सी. होऊन आली आणि तासिका तत्त्वावर आपल्याकडेच शिकवते. जाहिरात तिच्यासाठीच होती, हे उघड होतं. मी शिक्का उचलला. माया टेबलावर वाकून वाचत होती. एकदम म्हणाली, "बाई, ह्यात वयाची अट लिहिलेलीच नाही."

बाई म्हणाल्या, "चुकून राहिलं असेल."

मी माझ्या सवयीनं म्हणालो, खुलासा मागवूया का?

"नका हो सायेब! खुलासा मागितला की घालतील," माया म्हणाली. मग बाईंकडं वळून, "बाई, तुमीबी भरा की."

बाईंचं वय तेव्हा सत्तेचाळीस. हे मी सेवापुस्तकावरून सांगतो आहे, त्यांच्या परवानगीनं. बाई हसल्या, कागद लावून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "नाथाजीराव, ना हरकत प्रमाणपत्राचा मसुदा कसा असतो हो?" मला तो पाठ नव्हता. आपल्याकडून कोणी जातच नाही, त्यामुळे मसुदा कशाला लागतो?

दोघींना मुलाखतीचं बोलावणं आलं. जागा एक. मिरजेहून दोघी एकाच डब्यातून गेल्या, हरीभाऊंनी बांधून दिलेल्या दशम्या खाल्ल्या, आणि वाटभर एकमेकींना प्रश्न विचारत गेल्या. माया सांगते की बाईंनी तिची दोन उत्तरं सुधारली आणि तिनं बाईंचं एक. निकाल एप्रिलात लागला. निवड, अनसूया खांबेटे. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव, माया गडदे.

आता इथून पुढं मी थोडं जपून बोलणार आहे. अध्यक्षमहाराज उदार आहेत, रागावणार नाहीत.

निकाल आला तेव्हा बाई दुसऱ्या वर्षाची मुलं घेऊन खंडाळ्याच्या बाजूला डोंगरात होत्या. इकडे प्राध्यापक कक्षात चहाबरोबर ठरलं की बाई ही जागा मायासाठी सोडणार. कोणी ठरवलं? मी चौकशी केली, नाव निघत नाही. पण ते सगळ्यांना इतकं पटलं की संध्याकाळपर्यंत ते घडूनही गेलं. लालासाहेबांच्या कानावर गेलं. त्यांना गहिवरून आलं. अशा शिक्षिका आपल्या संस्थेत आहेत, म्हणून सत्काराचा ठराव झाला, तारीख ठरली, पत्रिका छापल्या. मधल्या ओळीत छापलं, 'विद्यार्थिनीसाठी केलेल्या असामान्य त्यागाबद्दल.' पट्टी काढणाऱ्यांनी आता थांबायला हरकत नाही, खाली हेच आहे.

बाई परत आल्या, बुटांना माती तशीच, आणि पत्रिका घेऊन थेट माझ्याकडे.

"नाथाजीराव, हे काय?"

"आपला सत्कार."

"कशाचा?"

"त्यागाचा."

"तो कोणी केला?"

"बाई, आपण."

"कधी?"

मी खरं ते सांगितलं. म्हणालो, शनिवारी, चहाच्या वेळी.

बाई हसल्या नाहीत. समोरच्या खुर्चीवर बसल्या. पाणी मागितलं. म्हणाल्या, "मला कोणी विचारलं का नाही?" मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

पुढचे आठ-दहा दिवस बाईंना कसे गेले, ते मी पाहिलं आहे. वाटेत भेटणारा प्रत्येक जण त्यांचं अभिनंदन करायचा. लालासाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. मी कागद घेऊन तिथंच होतो. लालासाहेब काही वावगं बोलले नाहीत. ते म्हणाले, "बाई, तुमची नोकरी कायम आहे, संसार मार्गी लागला आहे. त्या पोरीच्या घरात शिकलेली ती पहिलीच. तिचं सगळं आयुष्य पुढं आहे. तुम्हाला या वयात काय करायचंय दगड घेऊन?" हा प्रश्न वाईट हेतूनं विचारलेला नव्हता, आणि त्यातलं पहिलं अर्धं तर खरंच होतं. बाईंनाही ते खरं वाटत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

बाई म्हणाल्या, "लालासाहेब, वीस वर्षं मी मुलांना सांगत आले, जागा निघाली की अर्ज करा, निवड झाली की जा. आता माझी वेळ आल्यावर मी मागं राहिले, तर ते सगळं दुसऱ्यांनी करायचं होतं असं होईल." मग म्हणाल्या, "आणि खरं सांगायचं तर, मला जायचंय हो. फार जायचंय."

मी पंचवीस वर्षं कार्यालयात आहे. बदली, रजा, बढती, सगळ्याची कारणं मी वाचली आहेत. आईचं आजारपण, मुलांचं शिक्षण, हवामान मानवत नाही. मला जायचंय, एवढंच कारण मी पहिल्यांदा ऐकलं.

तरी एक गोष्ट राहिलीच होती. बाईंनी जागा लेकीला दिली, हे तोवर जतच्या पुढं पोचलं होतं. आप्पासो आणि बनाबाई बाईंचा मान करायला म्हणून आले. आपल्याच मेंढरांच्या लोकरीचं, सांगराकडून विणून घेतलेलं नवं घोंगडं घेऊन. माझ्या टेबलापाशी उभे. मायाला मी बोलावून घेतलं, आणि बाईंनाही. बाई आल्या. त्यांनी घोंगडं पाहिलं आणि त्यांना कळलं.

मनात आलं असतं तर बाईंना ते काम माझ्यावर टाकता आलं असतं. त्यांनी टाकलं नाही. म्हणाल्या, "बनाबाई, तुम्हाला चुकीचं कळलंय. मी जागा सोडलेली नाही. मी जाणार आहे. मायाला ती मिळणार नाही."

आप्पासोंनी लेकीकडं पाहिलं. "व्हय गं?"

"व्हय," माया म्हणाली. "मीच बाईंना अर्ज भरायला लावला. मला वाईट वाटलं, आबा. लय वाटलं. दोन दिवस जेवले न्हाई. पर बाईंनी सोडलेली जागा मला नगं. लोक जन्मभर म्हनतील, बाईंनी दिली म्हनून लागली. माझी मी घेतीन."

एवढं बोलून ती बाहेर पाण्याच्या टाकीकडं गेली आणि तोंड धुऊन आली. आप्पासो खाली बघत होते. मग म्हणाले, "आवं बाई, म्होरकी मेंढी थांबली की समदा कळप थांबतोय. तुमी चला. ही येतीया मागनं." बनाबाईंनी घोंगडं उलगडलं, बाईंच्या हातावर ठेवलं आणि विचारलं, "तिकडं थंडी आसती का वो?"

बाईंनी घोंगडं तिथंच खांद्यावर घेतलं. माझ्याकडं विचारणा नव्हती म्हणून बरं.

त्याच दुपारी बाईंनी राजीनामा दिला. तो मी वाचला आणि मग शिक्का मारला. पत्रिका परत मागवणं शक्य नव्हतं, म्हणून पट्टी आली. पट्टीवर काय छापायचं यावर सभा झाली. 'प्रदीर्घ सेवेबद्दल' म्हणावं, तर सेवा अर्धवट सोडून चालल्या आहेत. 'सेवानिवृत्तीबद्दल' म्हणावं, तर निवृत्त होत नाहीत. मात्र निरोप म्हटला की भेट ठरलेली, त्यामुळे समितीनं आरामखुर्ची आणून ठेवली आहे. ती आपल्याला माझ्या डाव्या हाताला दिसते आहे. बाई ती घेऊन जाणार नाहीत. घोंगडं घेऊन जाणार आहेत. मजकूर मात्र ठरला नाही, म्हणून पट्टी कोरी राहिली.

येत्या सोमवारपासून फलक मायाकडे आहे. आज सकाळी ती पहिला कागद घेऊन आली. त्याच संस्थेच्या शिष्यवृत्तीची जाहिरात. मी म्हणालो, थांब. चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. वयाची अट आहे, अठ्ठावीस. माया चोवीस वर्षांची आहे. मी तिला विचारलं, तुझा अर्ज? तिनं पिशवीतून काढून दाखवला, भरलेला होता.

सन्माननीय अध्यक्षमहाराज, संस्थेचा ठराव बदलण्याचा मला अधिकार नाही. पण पट्टी कोरी आहे आणि माझ्या खिशाला पेन आहे. माझ्यापुरतं, माझ्या पत्रिकेवर, आपल्या परवानगीशिवाय मी लिहून टाकलं आहे. आता ओळ अशी वाचली जाते, 'प्राध्यापिका अनसूया खांबेटे यांचा सत्कार, अर्ज केल्याबद्दल.'

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचा आणि ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचा मी आभारी आहे. कार्यालयातला माणूस व्यासपीठावर काही अधिकउणं बोलला असेल, तर ते पोटात घालावं. कोणाला आपल्या पत्रिकेवर काही लिहायचं असेल, तर पेन मी इथं टेबलावर ठेवून जातो आहे.

नमस्कार.