मुकादमाची भाकरी

माझं माहेर घाटनांदूरच्या अलीकडं, कोरडवाहू रान, घरात आमी चौघी बहिनी आन एक भाऊ. आमचा बाप लई तापट मानूस, पन एक गोष्ट त्यानं कधी चुकवली न्हाई, टोपल्यातली शेवटची भाकरी कुत्र्याची. मानसं कमी खातील पन तिला हात लावायचा न्हाई, म्हनायचा, ते बी राखन करतंय, ती त्याची मजुरी हाय. मी लगीन हून हिकडं चौसाळ्याच्या शिवारात आले तवा भांडीकुंडी काय लई आनली न्हाईत, पन ही रीत आनली आन आजपत्तुर चालवली. तुमी लिवताय न्हवं, मंग हे आदी लिवा, कारन समदं भांडन ह्याच भाकरीवरून हाय.

दिवाळी झाली का आमी नवराबायकू ऊसतोडीला कारखान्यावर जायचो, पोरगं संगं. अंकुश माझा, एकलाच. आमी पहाटं ऊसाच्या फडात गेलो का हे पाचटाच्या कोपीत एकलंच रडत बसायचं. एका साली कोपीमागं कुत्रीनं पिल्लं घातली, त्यातलं एक तांबडं ह्यानं उचललं आन रडनं बंद. एका वाकळंत झोपायची दोघं. हंगाम सरला तवा ह्यानं ते भांड्याच्या पोत्यात लपवून ट्रकात घातलं. निम्म्या वाटंत पोतं भुकाया लागलं. आमचे मालक म्हनले फेक बाहीर, आपल्यालाच खायला न्हाई. मी म्हनलं, मंग पोराला बी फेका. त्यांनीच पोत्याचं तोंड सैल केलं.

नाव ठिवलं मुकादम. कावून म्हनाल तर सवता काडीचं काम करायचं न्हाई आन समद्यांच्या मागं हिंडून बगायचं. आमच्या टोळीच्या मुकादमाला कळलं, त्यो बी हासला, म्हनला पगार काय देता, मी म्हनलं रोज एक भाकरी. त्यो म्हनला, माज्यापरीस बरं चाललंय त्याचं. भाकरी अंकुशच द्यायचा. त्यानं हाक मारली का कुत्रं कुटं बी आसू दे, पळत यायचं.

मंग त्यो दुष्काळ पडला. हिरीत नुसता गाळ, गावात टँकर. दूध सोसायटीच्या कॅना पालथ्या घालून ठिवलेल्या, जनावराला चारा न्हाई तर दूध कुटलं. सोसायटीचे चेअरमन म्हनले, गावानं श्रमदान करायचं, नाला खोल करायचा. आमी केलं. कावून न्हाई करनार, पानी आमालाच पायजे हुतं. बाया लेकरं झोळीत घालून बाभळीला टांगायच्या आन झोळ्यांखाली मुकादम पडलेला. डुकराला फिरकू द्यायचा न्हाई. त्याच्या भरवशावर बाया मागं न बगता घमेलं उचलायच्या, हे मी सांगत न्हाई, गावाला इचारा.

तेवढ्यात चेअरमननं सांगितलं, श्रमदान बगाया हिरो येनार. पिच्चरमधला. नाव घेत न्हाई मी त्याचं, घेऊन आनखी कशाला मोठा करू? आमचा अंकुश तवा कॉलेजात, केस त्याच्यावानी, बोलनं त्याच्यावानी. काय सांगू तुमाला, त्या हिरोच्या वाढदिवसाला ही पोरं चावडीपुढं केक कापायची. सवताच्या आज्याला जाऊन वरीस झालं तवा मात्र मला इचारतंय, आई, आज घरात गोड कावून केलंय.

तर हिरोचं सवताचं कुत्रं आसतंय म्हनं बरुबर, आन ते भितंय. म्हनून गावातली कुत्री हलवायची, चेअरमननं टेम्पो सांगितला. जी पोरं कुत्री धरून देतील त्यास्नी हिरोजवळ उभं ऱ्हायला मिळंल. मला ह्यातलं कायबी ठावं न्हाई. सकाळी मी भाकरी थापत हुते, अंकुश आला, म्हनला आई, मुकादमाची भाकरी दे. मला इतकं बरं वाटलं, येवढ्या गडबडीत बी पोराला कुत्र्याची याद हाय. गरम भाकरीला तेलाचं बोट लावून दिली.

त्यानं ती टेम्पोत टाकली. बाकीच्या कुत्र्यांना फास टाकावा लागला, चावली, वरडली. मुकादमाला फासाची गरजच पडली न्हाई. अंकुशनं हाक मारली, हे शेपूट हालवीत चढलं. शेजारनीनं येऊन सांगितलं तवा टेम्पो गेलता.

हिरो आला. डोळ्यावर काळा चष्मा. दोन घमेली उचलली, त्यातलं दुसरं रिकामं. मंग खुर्चीत बसला, मांडीवर ते कुत्रं, लोकरीच्या गुंड्यायेवढं. हिरोच्या एका गड्यानं बाटलीतलं पानी वाटीत वतलं, कुत्र्यानं नुसतं हुंगलं, तर गड्यानं वाटी भुईवर उपडी केली. भुईवर! आमी टँकरखालचं सांडलेलं पानी फडक्यानं टिपून घेत हुतो त्या दिवसात. आन वर हिरो माईकवर म्हनतोय, मुक्या जनावरावर माजा लई जीव. टाळ्याच टाळ्या, माझं पोरगं समद्यात म्होरं. मला ऱ्हावलं न्हाई, उटले आन म्हनलं, मंग आमची मुकी जनावरं कुटं घालवली ते बी सांगा की. चेअरमन म्हनले, मावशी, खाली बसा. हिरोला वाटलं मी त्याचं कौतिक करतीय. हात जोडून हासला माज्याकडं.

घरी अंकुशला धरलं. मान खाली घालून म्हनला, मांजरसुंब्याला सोडली, धाब्यांपशी. दुसऱ्या दिशी फटफटल्याबरुबर मी काळीपिवळी जीपनं गेले. एकेका धाब्यावर इचारीत हिंडले, मुकादम म्हनलं का लोक हासायचे, बाई, मुकादमच हरवला तर टोळी कुटंय. शेवटी एका धाब्यामागं, भांडी घासत्यात तितं, पडलेला दिसला. मागचा पाय भुईला टेकत न्हवता. जीपवाला कुत्रं घेईना, एका पिकअपवाल्यानं मागं बसवलं दोघांला.

दारात अंकुश उभा. खरं सांगते, माज्या मनात हुतं, चाव त्याला, चांगला चाव. पन मुकादम लंगडत लंगडत त्याच्याकडंच गेला, शेपूट हालवली, त्याच्या पायावर डोकं ठिवलं. पोरगं त्याच्यापशी भुईवर बसून रडलं.

आता अंकुश पुन्याला कंपनीत हाय. दिवाळीला येतो, आदी कुत्र्याला भेटतो, मंग मला. हे बगा, हितंच पडलंय, म्हातारं झालंय, पन त्याच्या गाडीचा आवाज वळखतंय. पोरगं सुखात ऱ्हावं, रोज हात जोडते देवाला. बाया म्हनत्यात, आता सोड राग, कुत्र्यानं सुदिक माफ केलं. केलं आसंल. त्या दिवशी अंकुशनं भाकरी कावून दिलती, ते कुत्र्याला अजून ठावं न्हाई. मला ठावं हाय.