चुलीमागची भिंत मी सारवतो

माझा जलम बावड्याचा, इंदापूर तालुक्यातला, पण पोटामागं हिकडं कोऱ्हाळ्याला आलो आन् हितलाच झालो. शाळा दुसरी. तिसरीत बसलोच न्हाय, कारण मास्तरानं चूक नसताना मला अंगठं धरायला लावलं, मी म्हणलं जातो मी, आन् गेलो. माझं तसंच हाय, तोंडातनं निघालं की करतो. मग गुऱ्हाळावर जाळ घालायला राहिलो. उसाचा रस आटवायच्या काहिलीखाली ती मोठी भट्टी, तिच्या तोंडाशी बसून चिपाडं ढकलायची, सकाळपासनं दिवस बुडंपतुर. वर गूळ हलवणाऱ्या गुळव्यानं नुसती भुवई हलवली की मला कळायचं जाळ वाढवायचा का वढायचा. आता काय सांगू तुम्हाला, असल्या माणसाच्या घरात चूल बसायची आन् त्येलाच कुणी इचारायचं न्हाय, ही कुठली रीत?

दत्तानं, म्हंजी माझ्या पोरानं, औंदा स्लॅबचं घर बांधलं. गॅसचा वटा, वर कपाटं, सगळं. त्याची आई म्हणली मला भाकरीला चूल पायजे, तुझा बाप गॅसवरची भाकरी खात न्हाय. खरं हाय ते, मी खात न्हाय. मग मागल्या पडवीत चुलीसाठी भिंतीत कोनाडा काढला, वर धुराडं ठेवलं. हितपतुर कुणाची तक्रार न्हाय. पण त्या कोनाड्याला आतनं लावायचं काय, ह्यावरनं घरात जे सुरू झालं, तेवढं इलेक्शनलाबी होत न्हाय. सूनबाई मोबाईल पुढं करती, तात्या ही टाइल बघा, फडकं मारलं की साफ. हणमंता गवंडी म्हणतो सिमेंटचा गिलावा करू आन् वर पुट्टी, पांढरंशिप्पट. दत्ता म्हणतो बारामतीला दुकानात भट्टीची वीट मिळती, ती लावू, परत बघायला नको. मी म्हणलं माती. चुलीला शेणमाती लागती, तिला जाळ सोसतो, दुसरं काय सांगू नका. तर सगळ्यांनी मान हलवली आन् मी भाच्याच्या लग्नाला बावड्याला गेलो, तेवढ्यात ह्यांनी पुट्टी मारली.

परत येऊन बघतो तर कोनाडा पांढरा फटक. मी म्हणलं ही चूल हाय का दवाखाना. हणमंता म्हणतो तात्या, दिसतंय कसं ते सांगा. अरे चुलीला दिसायचं काय काम हाय, तिचं काय लगीन ठरवायचंय का. थोडं दिस जाळ लागला आन् ती पुट्टी पिवळी पडली, मग फुगली, मागनं सिमेंटबी सुटलं, आन् एक दिवस ह्याएवढी खपली आमटीत. पाव्हणं जेवायला बसलेलं. दत्ताच्या आईनं पातेलं उचललं आन् गटारीत वतलं.

मी हणमंताला बोलावून घेतलं आन् सगळ्यांम्होरं म्हणलं आता माती. दत्ता परत ते विटंचं काढतोय, तात्या ती भट्टीत चालती. मी म्हणलं भट्टीम्होरं माझी हाडं भाजली, मला भट्टी शिकवतो व्हय. तवा दत्ताची आई, चारचौघांत कधी बोलायची न्हाय ती बाई, पीठ मळता मळता म्हणली, लावा की माती, पर सारवायचं कुणी? म्हणली, माती एकदा लावून भागत न्हाय, आठवड्याला हात फिरवावा लागतो, माझा खांदा वर जात न्हाय, सूनबाई कामावर जाती, तवा वीटच लावा, न्हायतर चूल ठेवूच नका, मी गॅसवर करती. आता चूलच न्हाय म्हणल्यावर मी खायचं काय? आन् हणमंता तंबाखू मळत हसतोय, म्हणतो तात्या सारवतील की. त्येच्या त्या हसण्यानं माझं डोस्कं फिरलं. म्हणलं व्हय, मी सारवीन, तू तेवढा गिलावा खरवड आन् नीघ. बोलून गेलो. आता माघार कशी घ्यायची.

दुसऱ्या दिवशी आमच्या रानातली काळी माती आणली. आमच्या रानात उसाचं कांडं मनगटाएवढं असतंय, असली माती. शेण घातलं, भुस्सा घातला, तुडवली, आन् दिला चांगला जाडजूड थर. सकाळी बघतो तर सगळी भिंत फाटलेली, बोट जाईल एवढाल्या भेगा. दत्ताच्या आईनं बघितलं, काय बोलली न्हाय, गॅसवर भाकरी केली आन् ताट माझ्याम्होरं सरकवलं. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. मी भाकरीला हात लावला न्हाय, दूध पिऊन उठलो. परत मळली, परत लावली, परत तेच. दत्ता म्हणतो तात्या, वीट आणू का. मी त्येच्याशी बोलायचंच सोडलं.

मग एक दिवस दुपारी दत्ताची आई दारात तांदूळ निवडत बसली व्हती. माझ्याकडं न बघता म्हणती, काळी माती वाळली की आकसती, ती उसाला ठीक, भिंतीला पांढरी लागती. मी म्हणलं कुठली पांढरी? म्हणली गावठाणात जुनी घरं पडल्यात तितली, उभा जलम मी पाट्या डोक्यावर आणल्या, त्या काय तुमाला रानातल्या वाटल्या? मी म्हणलं मला कुणी सांगितलं व्हतं का. तर म्हणती, तुमी इचारलं व्हतं का. नवऱ्याशी बोलायची ही पद्धत हाय का? तुमी हे लिवून घ्या, मला हे बोलणं आजूनबी पटलेलं न्हाय.

पर गेलो. पांढरी माती आणली, चाळली, रातभर भिजवली, भुस्सा बारीक करून घातला. ती दारातनं हुकूम सोडायची. जाड झालं, काढा. मनगट फिरवा, रंग मारताय का. एक हात वाळू द्या, मग दुसरा. आन् गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून बघायला. शेजारचा नामा म्हणतो तात्या, आमचीबी चूल सारवून द्या. मी म्हणलं तुझं हात काय गहाण टाकल्यात का रं?

भिंतीवर माती बसली. रोज जाळ लागतो, खपली म्हणून पडत न्हाय. आठवड्याला मीच हात फिरवतो, आता कुणी हसत न्हाय, हसून हसून कटाळली. दत्तानं तरीबी विटा आणून गोठ्यात रचून ठेवल्यात, बाप कधी थकतोय ते बघतोय. ऱ्हाऊ द्या. मी हाय तवर माती, माझ्यामागं पोरांनी सुखानं वीट लावावी, माझी काय ना न्हाय, तेवढी चूल पेटती ठेवा म्हणावं. एकच राग हाय माझा. एवढं करून ह्या बाईनं एकदा तरी म्हणावं का, बरी झाली भिंत? न्हाय. भाकरी थापता थापता नुसतं म्हणती, डावा कोपरा ऱ्हायलाय. आन् जाऊन बघावं तर खरंच ऱ्हायलेला असतोय.